मला खुर्ची देतात

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार.

मी ३१ वर्षांची आहे. एका बँकेत क्लार्क आहे. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू बोलतात. अम्मा विड्या वळते. नायना, म्हणजे वडील, मागावर होते, आता काम थांबवलंय. आम्ही राहायचो त्याच्या खालीच मागाचा कारखाना होता, त्या आवाजातच माझा सगळा अभ्यास झाला. लग्न होऊन जुळे सोलापुरात आले. नवरा मराठी घरातला आहे, स्वभावानं चांगला आहे. मुलगी पाच वर्षांची.

मला कुणी त्रास देत नाही, हे आधीच सांगते. पण अगदी लहान होते तेव्हापासून वाटत आलंय की सगळी माणसं एका बाजूला आहेत आणि मी दुसऱ्या बाजूला. शाळेत वाटायचं, कॉलेजात वाटायचं, आता बँकेतही वाटतं. दुपारी आम्ही बायका डबे एकत्र खातो. साड्या, सोनं, मालिका, यापलीकडे गप्पा जात नाहीत. मी 'हो, हो' करते. चार जणी एकदम बोलायला लागल्या की आवाज कानावर पडतो, पण आत काही पोचत नाही. डबा संपला की मी मोबाइल काढते. एकदा एक जण हसत म्हणाली, 'तुझं मराठी ऐकलं की साउथच्या पिक्चरमध्ये बसल्यासारखं वाटतं.' सगळ्या हसल्या, मीही हसले. तेव्हापासून कमीच बोलते.

माहेरी तरी आपलं वाटावं, तर तेही नाही. मी गेले की अक्का आणि चुलत बहिणी म्हणतात, 'ऑफिसरम्मा आली.' त्या सगळ्या खाली बसून पानं कापत असतात, विड्या वळत असतात, आणि मला खुर्ची देतात. मी खुर्चीवर बसून चहा पिते आणि परत येते. नायनाही असेच आहेत. लग्नकार्यात एका कडेला बसतात, कुणी बोललं तर नुसती मान हलवतात. मग वाटतं, हे आमच्या रक्तातच आहे का?

परवा मुलीनं विचारलं, 'मम्मी, तुझी बेस्ट फ्रेंड कोण?' मला एक नाव सांगता आलं नाही. नवरा म्हणतो, तू फार विचार करतेस. माझ्यात काही कमी आहे का? की मी वेगळीच आहे हे मान्य करून गप्प राहावं?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई,

पत्राखाली तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून ताई म्हणते. तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी मला नायनांबद्दल लिहायचं आहे, कारण त्यात उशीर करण्यासारखं नाही.

त्यांनी मागावर किती वर्षं काढली ते पत्रात नाही, पण उमेदीचं सगळं आयुष्य काढलं असणार. यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. आठ तासांच्या पाळीत ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज कानावर आदळत राहिला, तर काही वर्षांत कान कायमचे बिघडू शकतात. कानाच्या आतल्या भागात ज्या नाजूक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आणि हा बहिरेपणा फसवा असतो. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. आधी उंच, बारीक सूर जातात, म्हणजे स, श, फ अशी व्यंजनं निसटतात आणि बोलण्याचा नुसता घोळ कानावर येतो. घरात समोरासमोर एकाशी बोलताना असा माणूस निभावून नेतो. लग्नाच्या हॉलमध्ये, बँड वाजत असताना, पन्नास जण एकदम बोलत असताना त्याचं काही चालत नाही. तीनदा 'काय?' विचारायची लाज वाटते, म्हणून तो मान हलवतो. पुढच्या लग्नात आधीच कडेची जागा धरतो. आणि घरचे म्हणतात, त्यांचा स्वभावच तसा.

तुम्ही त्याला रक्त म्हणालात. मला ते कारखान्यातून घरी आलेलं दुखणं वाटतं. आपल्या गावात अशी किती तरी माणसं आहेत, ज्यांना आपण अबोल, तुसडं, माणूसघाणं ठरवून मोकळे झालो, आणि ज्यांचे कान कुणी कधी तपासलेच नाहीत. हे मला फार लागतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. नायनांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या. सिव्हिलमध्येही कान-नाक-घसा विभाग आहे. सुई नाही, दुखत नाही.

त्याच दिवशी स्वतःचीही तपासणी करून घ्या. कारखान्याच्या वर तुमचं बालपण गेलं. 'आवाज कानावर पडतो, पण आत काही पोचत नाही' हे वाक्य तुम्ही मनाबद्दल लिहिलं असेल, पण मी ते आधी कानाबद्दल वाचलं. चार जणी एकदम बोलताना शब्द न लागणं ही ऐकण्याच्या तक्रारीची अगदी नेहमीची खूण आहे. कान उत्तम निघाले तर फारच छान, एक शंका गेली. थोडा जरी दोष निघाला, तरी गेल्या वीस वर्षांतल्या बऱ्याच प्रसंगांचा अर्थ तुम्हाला नव्यानं लावता येईल.

आता तुमच्याबद्दल.

'असं काही नसतं, सगळी माणसं सारखीच' असं मी सांगणार नाही. तुमचं वेगळेपण खरं आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बँकेच्या फॉर्मवर तिसरी. आईच्या हाताला तंबाखूचा वास, तुमच्या हातात शाईचा शिक्का. माहेरच्या गल्लीत तुम्ही शिकलेल्या, बँकेत तुम्ही पूर्व भागातल्या, सासरी तुम्ही तेलुगू. तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं व्हावं लागतं आणि दिवसाअखेर दमायला होतं. हे दमणं नवऱ्याला 'फार विचार करणं' वाटतं, कारण त्याला दिवसातून तीनदा भाषा बदलावी लागत नाही. त्याला हे एकदा असंच सांगून बघा. भांडण म्हणून नाही, माहिती म्हणून.

पण या खऱ्या वेगळेपणावर तुमच्या मनानं आणखी एक मजला चढवला आहे. 'मी वेगळी आहे' इथपर्यंत ठीक. त्यापुढे 'म्हणून त्यांना मी नको आहे' हा जो निष्कर्ष तुम्ही काढता, त्याला तुमच्या पत्रात मला फारसा पुरावा सापडला नाही. शोधला, दोनदा वाचून शोधला. कुणी तुम्हाला डब्याला बसू नका म्हणालं नाही. माहेरी कुणी दार लावलं नाही. एक टोमणा सापडला, त्याबद्दल पुढे लिहिते.

हा निष्कर्ष एकट्या तुमचाच नाही. २०१८ साली मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? माणसं सर्रास स्वतःला कमी धरत होती. समोरच्याला ती जितकी आवडली होती, त्यापेक्षा कमी आवडलो असू, असं त्यांना वाटत होतं. कॉलेजात एकत्र राहायला आलेल्या मुलामुलींमध्ये हा फरक कित्येक महिने टिकला. म्हणजे एका छताखाली राहूनही त्यांना कळत नव्हतं की आपण समोरच्याला आवडतो.

शिकागो विद्यापीठातल्या जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाचा अनेक वर्षं अभ्यास केला. भूक लागते तसाच एकटेपणा लागतो, शरीर त्यातून सांगतं की माणसांची गरज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्यांना एक वाईट गोष्टही दिसली. बराच काळ एकटं वाटलं की मन सावध होतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरची आठी आधी दिसते, हसू नंतर. एक टोमणा वर्षभर लक्षात राहतो आणि शंभर वेळा पुढे केलेली लोणच्याची फोड विसरली जाते. २०११ साली एकटेपणावरच्या उपायांचे अनेक जुने अभ्यास एकत्र करून तपासले गेले. नुसतं माणसांना एकत्र आणणं किंवा बोलायचं कसं ते शिकवणं, यापेक्षा मनातले असे निष्कर्ष उलटतपासणीला घेणं जास्त उपयोगी पडलं. म्हणून 'लोकांत मिसळा' हा सल्ला मी तुम्हाला देत नाही. तुम्ही रोज दुपारी मिसळताच आहात. बसता त्यांच्यात, आणि लक्ष असतं स्वतःच्या बाजूची भिंत शाबूत आहे की नाही याच्याकडे.

तो टोमणा. त्या बाईनं जे म्हटलं ते चुकीचंच होतं, आणि तुम्हाला लागलं यात तुमचा हळवेपणा नाही. सोलापुरात एखाद्याच्या मराठीवर हसायचं म्हणजे फारच झालं. इथल्या मराठीत कानडी आहे, तेलुगू आहे, दखनी आहे. इथला माणूस पुण्यात जाऊन 'काय बे' म्हणाला की तिथे लोक त्याच्याकडे वळून बघतात. तिच्याही वाट्याला कधी तरी ते आलं असेल. पण तुम्हीही हसलात. तिला वाटलं, चाललं. तुम्हाला लागलं हे त्या टेबलावर कुणालाच माहीत नाही. ती एकटी असताना तिला सांगा, 'त्या दिवशी माझ्या मराठीवर हसलात ना, ते मला लागलं होतं.' एवढंच. पुढे-मागे काही जोडू नका, 'तसं काही नाही हो' असं तर मुळीच नको. बहुतेक माणसं हे ऐकून ओशाळतात. ओशाळली तर ती तुमच्या जवळ येईल. नाही ओशाळली, पुन्हा तेच केलं, तर ते तुमच्यातलं वैगुण्य नव्हे, तिचा उद्धटपणा आहे, आणि मग त्याची तक्रार वरिष्ठांकडे करायची. जात, धर्म, आडनाव, भाषा यांवरून माणसाला ठरवून बाहेर ठेवलं जातं तेव्हा त्यानं स्वतःला तपासत बसू नये. तिथे बदलायचं असतं ते बाहेर ठेवणाऱ्यांना.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कदाचित आवडणार नाही. 'साड्या, सोनं, मालिका, यापलीकडे गप्पा जात नाहीत' हे वाक्य दुखावलेल्या माणसाचं आहे, हे मला कळतं. पण तो एक निकालही आहे. त्या बायकांना तुम्ही हलकं ठरवलंत आणि स्वतःला वर ठेवलंत. दुखावलेली माणसं असं करतात, त्यानं थोडं बरं वाटतं. पण वर बसलेल्या माणसाजवळ कुणी येत नाही. साडीबद्दल बोलणारी बाई बहुतेक वेळा साडीबद्दल बोलतच नसते. 'दिवाळीला घेतलेली' म्हणते तेव्हा ती यंदा बोनस झाला, नवऱ्याशी भांडण मिटलं, भावानं आठवण ठेवली, असलं काही तरी सांगत असते. ते ऐकू यायला एकच प्रश्न पुरतो, 'कुणी दिली?' पुढच्या वेळी 'हो, हो'च्या जागी तो विचारून बघा.

आणि चौघींशी एकदम दोस्ती करायला जाऊ नका. घोळक्यात शिरणं कुणालाही अवघड असतं. त्यातली एक निवडा. विजापूर रोडकडे, तुमच्या बाजूला राहणारी कुणी तरी असेलच. तिला विचारा, 'संध्याकाळी गाडीवर येऊ का तुमच्याबरोबर?' किंवा 'चला, मी सोडते.' गाडीवर माणसं एकमेकींकडे न बघता बोलतात, आणि अबोल माणसाला ते फार सोपं जातं. शिवाय एकाच आवाजाकडे लक्ष द्यायचं असतं.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी मोजण्याचा प्रयत्न केला की ओळखीचं माणूस मित्र व्हायला किती वेळ लागतो. त्यांच्या अभ्यासात साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून जास्त वेळ लागला. आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे थोडे इकडचे तिकडे होतील. पण त्यांना असंही दिसलं की नोकरीत शेजारी शेजारी बसून काढलेले तास फारसे जमेस येत नाहीत. आपखुशीनं एकत्र घालवलेला वेळ जमेस येतो. म्हणजे बँकेत तुम्ही कितीही वर्षं काढली असली, तरी या हिशेबानं तुमचे तास अजून नीट सुरूच झालेले नाहीत. 'इतकी वर्षं झाली तरी कुणी जवळ आलं नाही, म्हणजे माझ्यातच खोट' हा तुमचा हिशेब तिथे चुकतो. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला जाल तेव्हा तिला आणि तिच्या मुलांना बरोबर घ्या. ज्वारीच्या शेतात, आगटीभोवती, शेंगाचटणी हातात घेऊन तीन-चार तास कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको.

माहेराचं दुखणं वेगळं आहे, आणि ते जास्त खोल आहे.

ताई, ती खुर्ची अम्मानं कमावलेली आहे. हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी मोजून घेत, तेंदूची पानं भिजवत, कापत, मान मोडेपर्यंत वाकून तिनं तुम्हाला शिकवलं, ते तुम्हाला त्या सुपासमोर बसावं लागू नये म्हणून. तुम्ही दारात दिसता आणि त्या घरातली सगळ्यात चांगली खुर्ची पुढे येते. तुम्ही त्यात 'तू आमच्यातली नाहीस' वाचता. मला त्यात 'बघा, आमची पोरगी' ऐकू येतं. 'ऑफिसरम्मा'मध्ये थोडा चिमटा आहे, नाही असं नाही. अक्कालाही शिकायचं असेल कदाचित. तिच्या वाट्याला सूप आलं आणि तुमच्या वाट्याला पुस्तक. तिच्या बाजूनंही एक अंतर आहे, आणि तिला कुणी पत्र लिहायला सांगितलेलं नाही.

पण मान वेगळा आणि जवळीक वेगळी. आपल्याकडे पाहुणीला काम सांगत नाहीत. लेकीला सांगतात. तुम्हाला पाहुणीचा मान मिळतोय आणि लेकीचं काम मिळत नाहीये, म्हणून तुम्हाला परकं वाटतंय. मग काम मागून घ्या. विड्या वळायला बसा असं मी म्हणत नाही. तंबाखूची धूळ काय करते ते मला माहीत आहे, आणि अम्माला ते सहनही होणार नाही. पण स्वयंपाकघरात जा. चहा तुम्ही करा, सगळ्यांना तुम्ही द्या, कप तुम्ही विसळा. कांदा चिरा, डाळ निवडा. निवडायचं काम घेऊन त्यांच्यात खाली बसा. हात कामात असले की बोलायला विषय लागत नाही, गप्प बसलं तरी कुणाला खटकत नाही. त्या बायका तासन्‌तास एकमेकींच्या सोबत काढतात त्या तशाच.

आणखी एक. माझी खात्री आहे की माहेरची सगळी कागदपत्रं तुम्हीच बघता. पीएफचा फॉर्म, केवायसी, कुणाचं कर्ज, कुणाच्या मुलाची स्कॉलरशिप. ती मदत थांबवू नका, पण हे लक्षात घ्या की त्या मदतीनं खुर्ची आणखी पक्की होते. तुम्ही देता आणि त्या घेतात. तुम्ही त्यांच्याकडे काही मागता का? अक्काला म्हणा, रविवारी मुलीला तुझ्याकडे ठेवते, तिला तेलुगू शिकव. तुम्ही घरी मुलीशी तेलुगू बोलत नसाल, असा माझा कयास आहे, कारण बँकेतल्या त्या हसण्यानंतर तुम्ही तुमची भाषाच आत ओढून घेतलेली दिसते. अम्माला म्हणा, तुझ्या हातची आंबट डाळ मला जमत नाही, ये आणि शिकव. अक्का तुमच्या जुळे सोलापुरातल्या घरी कधी राहायला आली आहे का? तिच्या घरी तुम्ही खुर्चीवर बसता, तशी तीही तुमच्या सोफ्याच्या काठावर अवघडून बसते का? पत्रात हे नाही, म्हणून विचारते.

भय्या चौकात डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. कितीदा तिथून गेला असाल. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. भाषा परकी, जेवण परकं, थंडी परकी, वर युद्ध चालू. त्या देशात कोटणीसांइतकं वेगळं कोण असेल? ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या मुलांना वैद्यकी शिकवली. तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच गेले. चिनी माणसं अजून त्यांना आपलं मानतात. ते काही चिनी दिसायला लागले नव्हते. त्यांनी तिथलं काम उचललं आणि तिथली भाषा घेतली, तेवढ्यावर ते त्यांचे झाले. तुम्हाला तर नवी भाषाही शिकायची नाही. माहेरची येते, बँकेतली येते.

लहानपणापासून असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. वयात येताना हे जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली लिहिलं होतं की त्या वयात मुलांना वाटतं, सगळं जग आपल्याकडेच बघतंय आणि आपल्यासारखं दुसरं कुणी नाही. बहुतेकांचं ते पुढे ओसरतं, काहींचं राहून जातं. बोलायला कुणी नसलेल्या, पुस्तकात डोकं घालून वाढलेल्या मुलांचं जास्त राहत असावं, असं मला आपलं वाटतं. ज्यांच्या तळ्याकाठी आपण फिरायला जातो त्या आपल्या ग्रामदैवताबद्दल, सिद्धरामेश्वरांबद्दलही परंपरा सांगते की लहानपणी ते मुकाट असत, गुरं राखत, आणि लोक त्यांना मंद समजत. त्याच मुलानं पुढे माणसं गोळा करून तळं खोदलं. गप्प मूल म्हणजे उणं मूल, ही समजूत किती जुनी आहे बघा, आणि किती चुकीची.

काही माणसांच्या बाबतीत मात्र यामागे आणखी काही असतं. रोजच्या जगण्यात सगळं खोटं, स्वप्नातल्यासारखं, काचेपलीकडचं वाटत असेल, झोप आणि भूक गेली असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटायलाच हवं. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही मिळते. तेलुगूतही मिळते, हे अम्मा-अक्कांसाठी लक्षात ठेवा. काही जणांना मोठेपणी कळतं की त्यांना ऑटिझम (स्वमग्नता) आहे आणि माणसांच्या गर्दीत त्यांची दमछाक त्यामुळे होत होती. तुमच्या पत्रावरून मला यातलं काही ठामपणे म्हणता येत नाही. पण शंका असेल तर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

'गप्प राहावं का?' याचं माझं उत्तर आहे, नाही. पण वेगळेपण मान्य करा, ते मोडायला जाऊ नका. तुम्हाला गोतावळा लागत नसेल. आठ जणींच्या भिशीत तुम्ही कधीच रमणार नाही, आणि नाही रमलात तरी चालेल. दोन माणसं पुष्कळ झाली. एक बँकेतली आणि एक अक्का, एवढ्यावर वर्षभर लक्ष ठेवा. मुलीला आत्ता नाव सांगता आलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. 'मी शोधतेय' असं खरं सांगा. पाच वर्षांच्या मुलीला ते कळतं, आणि ती शाळेत एकटी पडली तर तिलाही मग घरी येऊन तुम्हाला सांगता येईल.

राहिले नायना. तपासणीत दोष निघाला आणि कानाचं यंत्र घ्यायचं ठरलं, तर एक सांगून ठेवते. पहिल्या दिवशीच ते लग्नाच्या हॉलमध्ये लावून नेऊ नका. भांड्यांचा, पंख्याचा, हॉर्नचा सगळा आवाज एकदम अंगावर येतो, माणूस वैतागून यंत्र काढतो, ते कपाटात जातं आणि परत निघत नाही. सुरुवातीला घरातल्या शांत खोलीत रोज तास-दोन तास लावायचं. समोर एकच माणूस हवं, हळू आणि तोंड दिसेल असं बोलणारं, ओरडून नव्हे. मग अंगणात, मग गल्लीत, मग चार माणसांत. यंत्राचा आवाज जुळवून घ्यायला दोन-तीनदा तज्ज्ञाकडे परत जावं लागतं, ते टाळू नका. त्या समोरच्या माणसाच्या जागी पहिले काही आठवडे तुम्हीच बसा, आणि त्यांच्याशी तेलुगूतच बोला.